मराठवाड्यात फील्डवर्क करायचंय? आधी जागेची आणि गावाची परवानगी

आराखडा मंजूर झाला, मार्गदर्शकांची सही झाली, की आता गाडी काढायची आणि गाव गाठायचं, असं बऱ्याच संशोधक विद्यार्थ्यांना वाटतं. मधला एक टप्पा मग राहून जातो. ज्या जागेवर वर्ष-दीड वर्ष काम करायचं आहे ती कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिथं आपल्याला कोण काम करू देणार, हे कुणी बघितलेलंच नसतं. वनरक्षक अडवतो, पोलीस पाटील ओळखपत्र मागतो, एखादा शेतकरी "आमच्या रानात कशाला आलाव?" म्हणून दारातूनच परत पाठवतो, आणि अर्धा हंगाम वाया जातो.

पक्षी, विहिरी, बारवा, ऊसतोड कुटुंबं, शाळा, बोली यांपैकी काहीही अभ्यासणारा माणूस इथं कोणत्या क्रमानं पुढं जावा, ते खाली लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा कोणाची ते शोधायचं, मग कागद करायचे आणि मग गावात जायचं. उलट्या क्रमानंही काम होतं, पण दुप्पट वेळ जातो.

जागा नेमकी कोणाची?

पैठणचा नाथसागर घ्या. हिवाळ्यात पाणपक्ष्यांची नोंद करायची म्हटलं तर वरवर एकच जागा दिसते. पण धरण आणि पाणी जलसंपदा विभागाकडं म्हणजे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडं आहे. हेच जलाशय १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वन विभागाचा वन्यजीव कायदा लागू होतो. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत शेतकरी पीक घेतात. पाण्यात मच्छीमार संस्थांची जाळी असतात. एका काठावर चार धनी. त्यातल्या दोघांचा कागद लागतो आणि उरलेल्या दोघांशी बोलणं लागतं. मच्छीमारांना न विचारता त्यांच्या होडीच्या वाटेवर दुर्बीण लावून बसलात तर पक्षी उडतील ते वेगळंच, वर माणसंही बिघडतील.

जमिनीवरची जागा असेल तर पहिलं काम घरी बसून होतं. महाभूलेख या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून सातबारा काढा आणि ई-नकाशावर गटाचा नकाशा बघा. भोगवटादाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे? खासगी माणसाचं, शासनाचं, वन विभागाचं की देवस्थानाचं? गायरान असेल तर जमीन शासनाची आणि देखभाल ग्रामपंचायतीची, म्हणून दोन्हीकडं पत्र द्यावं लागतं. विहीर सामाईक असेल तर 'इतर हक्क' नीट वाचा. चार भावांच्या पाळ्या असलेल्या विहिरीत एकाच भावाच्या होकारावर पाणीपातळी मोजायची फीत सोडली, तर त्यांच्या घरच्या भांडणात तुमचं नाव येतं.

मराठवाड्यात एक जादाची भानगड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं जुनी दप्तरं उर्दूत आहेत, काही मोडीतही आहेत. इनाम, देवस्थान, वक्फ, कूळ यांचे वाद अजून संपलेले नाहीत. एखाद्या बारवेचा, दर्ग्याचा किंवा मठाचा इतिहास शोधताना नुसता आजचा सातबारा पुरत नाही. खासरा पत्रक आणि जुनं पाहणी पत्रक तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून काढावं लागतं. निजाम सरकारच्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादला तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहे. ही जागा वादात आहे असं कागदावरून दिसलं तर दुसरी निवडा. अभ्यासासाठी तीच एक जागा लागते असं फार क्वचित असतं.

अर्ज कसा लिहायचा, कुठं द्यायचा

अर्ज नेहमी महाविद्यालयाच्या किंवा विभागाच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या सहीनं द्यावा. तुमच्या नावाचा साधा अर्ज आवक विभागात पडून राहतो. काय करणार, कोणत्या तारखांना, किती माणसं, कोणती गाडी, कोणती उपकरणं आणि काही नमुना उचलणार का, ही सहा उत्तरं पहिल्याच पानावर हवीत. साहित्याचा आढावा आणि गृहीतकं जोडपत्रात. कारकून ती वाचत नाही, अधिकारीही क्वचितच वाचतो.

गावासाठी असा साधा अर्ज पुरतो:

"प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी. विषय: विहिरींच्या पाणीपातळीच्या अभ्यासासाठी परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी भूगोल विषयात संशोधन करत आहे. आपल्या गावातील २५ विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजायची आहे. विहिरीत फक्त फीत सोडली जाईल. मोटार, पाइप किंवा वीजजोडणीला हात लावला जाणार नाही. विहीरमालकास विचारूनच मोजणी होईल. या कामाचा भूसंपादन, कर, पाणीपट्टी किंवा कोणत्याही शासकीय योजनेशी संबंध नाही. प्रत्येक मोजणीचा तक्ता ग्रामपंचायतीस दिला जाईल. तरी हा विषय येत्या मासिक सभेपुढे ठेवावा, ही विनंती."

महिने मुद्दाम तेच घेतले आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. 'भूसंपादनाशी संबंध नाही' हे वाक्य तर वगळूच नका. समृद्धी महामार्गासाठी जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोजणीची माणसं आधी फिती घेऊनच आली होती. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीला या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तोही अलीकडचाच. जीपीएस आणि टेप घेऊन बांधावर उभा राहिलेला अनोळखी माणूस म्हणजे जमीन जाणार, असा अर्थ लागतो, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर पुढच्या चकरेला तुमचा अर्ज आलेलाच नसतो. नंतर पाठपुरावा करताना 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं मोघम विचारू नका. आवक क्रमांक सांगा आणि फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. अर्ज लटकला म्हणून लगेच माहिती अधिकार टाकण्याचा मोह होतो. हक्क आहेच, आणि ३० दिवसांत उत्तरही येतं. पण ज्या कार्यालयाच्या हद्दीत वर्षभर काम करायचं आहे तिथं पहिल्याच महिन्यात तो टाकणं शहाणपणाचं नाही. आधी साहेबांना समक्ष भेटा, सोबत मार्गदर्शकांना न्या.

जंगल आणि अभयारण्य

अभयारण्यात शास्त्रीय अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते. ती मुख्य वन्यजीव रक्षक देतात. महाराष्ट्रात ही जबाबदारी नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडं आहे. गौताळा औट्रमघाट, जायकवाडी, बीडमधलं नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिवमधलं येडशी रामलिंगघाट आणि नांदेड-यवतमाळच्या सीमेवरचं पैनगंगा या सगळ्यांना हे लागू आहे. अर्जाची एक प्रत स्थानिक विभागीय कार्यालयात द्या, कारण नागपूरहून अभिप्राय त्यांच्याकडंच मागवला जातो. तुम्ही कोण हे त्यांना आधीच माहीत असेल तर अभिप्राय लवकर जातो. पक्ष्यांच्या हंगामासाठी अर्ज उन्हाळ्यातच टाका.

नुसतं बघणं आणि हात लावणं यांत कायदा मोठा फरक करतो. दुर्बिणीनं मोजणी, ठशांची नोंद, कॅमेरा ट्रॅप हे एका पातळीवर. पक्ष्याच्या पायात कडी घालणं, सरडा पकडून मोजणं, रक्त किंवा ऊती घेणं हे दुसऱ्या पातळीवर. पकडण्यासाठी कलम १२ ची वेगळी परवानगी लागते, आणि प्राणी कायद्याच्या अनुसूची १ (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. मोर अनुसूची १ मध्ये आहे. नायगावात मोरांवर काम करणाऱ्यानं आराखडा लिहितानाच मोराला हात न लावता प्रश्न सुटतो का ते पाहावं. बहुतेकदा सुटतो.

परवाना हातात आला तरी आत जाण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि त्या बीटच्या वनरक्षकाला फोन करा. रानात तुमच्यासोबत उभा राहणारा माणूस तोच असतो. वाट त्यालाच ठाऊक असते.

अभयारण्याबाहेरच्या वनक्षेत्रासाठी उपवनसंरक्षकांकडं जा. वनौषधींचे नमुने किंवा वैदूंची माहिती गोळा करणार असाल तर जैवविविधता अधिनियम २००२ लागू होतो. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, निदान कागदावर तरी. नोंदवही मागून बघा, अर्धं काम कदाचित आधीच झालेलं असेल. संशोधनात परदेशी संस्था भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीचा प्रश्न येतो. तो विद्यापीठाच्या पातळीवरच सोडवा.

लेणी, मंदिरं, बारवा, पांढरी

वेरूळ, अजिंठा, पितळखोरे, दौलताबाद ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. तिथं पर्यटक म्हणून वहीत नोंद करायला काही लागत नाही. तिपाई लावून छायाचित्रण, मोजमापं, शिलालेखांचे ठसे किंवा बंद लेण्यांत प्रवेश हवा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात अधीक्षक पुरातत्त्वविदांकडं अर्ज करावा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. मातीत भोक पाडणारं उपकरण वापरणार असाल तर हे आधी बघा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. उत्खनन हा स्वतंत्र विषय. त्याचा परवाना दिल्लीहून येतो आणि तो संस्थेला मिळतो, एकट्या विद्यार्थ्याला नाही.

ड्रोनसाठी ड्रोन नियम २०२१ आहेत. डिजिटल स्काय पोर्टलवर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते बघा. हिरव्या पट्ट्यात असली तरी स्मारक किंवा अभयारण्यावर उडवायला त्या खात्याची परवानगी वेगळी लागते.

खरी अडचण असंरक्षित अवशेषांची आहे, आणि मराठवाड्यात तेच जास्त आहेत. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरं किंवा सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव लोकांना माहीत झाली. पण गावोगावी पारावर, वेशीत, उकिरड्याशेजारी वीरगळ आणि भंगलेल्या मूर्ती पडून आहेत. कोणत्याही यादीत नाहीत, तरी शेंदूर लागलेला असतो. तो गावाचा देव आहे. अंगावरचा शेंदूर खरवडून मूर्ती ओळखायला जाऊ नका, ती उचलून उजेडात ठेवू नका. शिलालेखात खडूची पूड भरून फोटो काढायची सवयही सोडून द्या. दगड झिजतो. सकाळी किंवा संध्याकाळी, नाहीतर रात्री टॉर्च तिरका धरून फोटो घेतला की अक्षरं छान उठतात.

तेरसारख्या प्राचीन पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) पावसाळ्यानंतर खापरं, मणी, कधी नाणीही वर येतात. जागेवर फोटो काढा, मोजपट्टी ठेवा, स्थान लिहा. खिशात घालू नका. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही सांगतो. मूर्तींचं नेमकं स्थानही प्रबंधात छापू नका. चोर वाचत नाहीत असं समजू नका.

शाळा, दवाखाना, अंगणवाडी

यात फार खोल जायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी. माणसांच्या आरोग्याशी संबंध असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. काम सुरू झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. मुलांची मुलाखत घ्यायची तर पालकांची संमती हवी, आणि मुलाचा स्वतःचा होकारही.

गावात शिरताना

वरचे सगळे कागद शिवेपर्यंत नेतात. पुढं सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि पारावर बसलेली चार म्हातारी माणसं. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. पत्रात नवं नाव घाला, बोलताना गावात जुनंच चालतं.

पहिल्या फेरीत वही काढायची नाही. पत्र द्या, चहा घ्या, कोण कुठल्या गावचा हे सांगा. "कोणत्या खात्याचे तुम्ही?" आणि "आमाला काय मिळणाराय?" हे दोन प्रश्न येणारच. दुसऱ्याचं खरं उत्तर 'काही नाही' असेल तर तसंच सांगा. योजना येईल, नुकसानभरपाई वाढेल असं सुचवलंत तर पहिल्या दिवशी माहिती भरभरून मिळते आणि ती सगळी त्या आशेनं वाकलेली असते. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. बीडच्या ऊसतोड गावांत २०१९ मध्ये महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली आणि पाठोपाठ कॅमेरे आले. अशा गावात तुम्ही पहिले नसता. आधीच्या लोकांनी काय विचारलं, काय परत दिलं, हे आधी ऐकून घ्या. त्यावरून आपली प्रश्नावली निम्मी करता येते.

पोलीस ठाण्यात साधं माहितीपत्र द्या. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरल्या की अनोळखी माणूस संकटात येतो. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला. पोलीस पाटलाला तुमचं नाव आणि गाडी नंबर माहीत असणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

जातीचा प्रश्न सर्वेक्षणात लागतोच. पण निजामकालीन कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मराठवाड्यात हा प्रश्न नाजूक झाला आहे. तो शेवटी ठेवा, का विचारता ते सांगा, आणि उत्तर दिलं नाही तर रिकामा सोडून पुढं जा. गावठाणात बसून फक्त पाटलांच्या, पुढाऱ्यांच्या घरी चहा घेतलात तर वस्तीवर, तांड्यावर तुम्ही त्यांचीच माणसं ठरता. तांड्यावर जायचं तर नाईक, कारभाऱ्यांना वेगळं भेटा. गोरमाटी (बंजारा बोली) येणारं कुणी सोबत असेल तर बायका बोलतात.

किनवट-माहूरकडं पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेली गावं आहेत. तिथं ग्रामसभेचं वजन इतर गावांपेक्षा जास्त आहे, आणि सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर जंगलाबाबतही ग्रामसभेलाच विचारावं लागतं. कोलाम हा विशेष असुरक्षित आदिवासी गट, म्हणून किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पत्र आधी द्या. ग्रामसभा वर्षात किमान चार होतात. ती हुकली तर पुढच्या सभेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून वेळापत्रक त्याभोवती आखा.

हंगाम बघून तारखा लावा

जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी. या दिवसांत दुपारी कुणी सापडत नाही. दिवेलागणीनंतर जा. पावसात काळ्या रानातली वाट म्हणजे गाडीचं चाक चिखलानं जाम, पायी जायची तयारी ठेवा. लातूर-धाराशिवकडं येळवशीला (वेळ अमावास्येला) अख्खं गाव शेतात असतं. त्या दिवशी प्रश्नावली ठेवून द्या. बोलावलं तर आंबील-भज्जी खायला जा, ओळख आपोआप होते.

बीड, धारूर, पाटोदा, केज भागात सर्वात मोठी चूक इथंच होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडं निघतात, परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. डिसेंबरात मतदारयादीवरून घरं निवडलीत तर निम्म्या दारांना कुलूप, उरलेल्यांत म्हातारी माणसं आणि मुलं. हा नमुना गावाचा नाही. कुटुंबांची पाहणी मे-जूनमध्ये करा. तोडीच्या काळातच बघायचं असेल तर कारखान्याच्या शेतकी विभागाचं पत्र घेऊन कोप्यांवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर) जा. मुकादमाला भेटावं लागेलच. मात्र मुलाखतीच्या वेळी तो शेजारी नको. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, किती फिटली, हे त्याच्यासमोर कोणताही कोयता (ऊस तोडणारं जोडपं) खरं सांगणार नाही. फडात दिवसा गाठू नका, काम थांबलं की त्यांचे पैसे बुडतात.

संमती आणि सही

संमतीपत्र मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात. तरी बरेच जण सही करणार नाहीत. सही-अंगठा म्हणजे कर्ज, जामीन, जमीन, असा पिढ्यांचा अनुभव आहे. अशा वेळी पान वाचून दाखवा, तोंडी होकार घ्या, परवानगी असेल तर तो ध्वनिमुद्रित करा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी तुमच्या गटाबाहेरचा तटस्थ साक्षीदार हवा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. तोंडी संमती चालेल, हे नैतिकता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. बाईची मुलाखत असेल तर होकार बाईचा हवा, नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा नव्हे. सोबत बाईच विचारणारी असावी.

माती किंवा पाण्याचा नमुना घेतलात तर शेतकऱ्याला चिठ्ठी द्या: तारीख, गट क्रमांक, किती घेतलं, अहवाल कधी मिळेल. अहवालात नुसते आकडे नकोत. स्फुरद कमी आहे का, पाणी खारं आहे का, ते दोन ओळींत लिहा.

काम लांबणार असं दिसलं की मूळ परवान्याची मुदत बघा. वन आणि पुरातत्त्व खात्यांकडं मुदतवाढीचा अर्ज आधीच्या कामाच्या अहवालासह, मुदत संपायच्या दोन महिने आधी द्या. ग्रामपंचायतीला नव्यानं ठराव लागत नाही, पण सरपंच बदलले असतील तर नवं पत्र घेऊन पुन्हा चहाला जावं लागतं.